कमी पैशांतला भयपट पारखावा कसा

भुताचा पिक्चर पाहून झाला की आपल्याकडे निकाल लगेच लागतो. कोणी म्हणते, 'लय भेव वाटलं', कोणी म्हणते, 'काहीच दम नाही.' का वाटलं आणि का नाही वाटलं, यावर बसून कोणी बोलत नाही. आता मात्र ते बोलायची गरज आहे, कारण विदर्भातल्या खेड्यापाड्यांतली पोरंपोरी स्वतःच मोबाइलवर भुताच्या शॉर्ट फिल्मा काढून यूट्यूबवर टाकू लागली आहेत. त्यांना कौतुक मिळतं, शिव्याही मिळतात. पुढची फिल्म काढताना उपयोगी पडेल असं मात्र फार थोडं मिळतं. ज्यांना असे पिक्चर बघायला आवडतात आणि त्यांच्याबद्दल नीट बोलता यावं असं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पडद्यावर काय कमी आहे ते मोजत बसू नका. जे नव्हतं त्याच्या जागी फिल्म करणाऱ्यांनी काय लावलं, ते शोधा.

पहिली वेळ रात्रीची, दुसरी दिवसाची

पहिल्यांदा फिल्म सलग बघा. मध्ये थांबवायची नाही, पुढे ढकलायची नाही. जेवणं आटोपल्यावर, एकट्यानं, कानाला इअरफोन लावून बघा. मोबाइलच्या स्पीकरमधून जाड, खालचा आवाज निघतच नाही आणि भयपटाचा बराचसा भार त्याच आवाजावर असतो. चार मित्रांसोबत नंतर अवश्य बघा, पण पहिली वेळ एकट्याची असू द्या. घोळक्यात भेव लपवायला कोणीतरी हसतोच, आणि मग सगळेच हसतात.

जवळ कागद ठेवा. त्यावर मत लिहायचं नाही. किती मिनिटाला अंगाला काय झालं एवढंच लिहा: इथे दचकलो, इथे श्वास रोखला, इथे हसू आलं, इथे दुसरं काही बघावंसं वाटलं.

दुसऱ्यांदा बघायची ती दिवसा आणि दोन फेऱ्यांत. एका फेरीत आवाज पूर्ण बंद करून बघा. दुसऱ्या फेरीत मोबाइल पालथा घालून नुसतं ऐका. आवाज बंद केल्याबरोबर ज्या प्रसंगाचा जीव जातो, तिथे सगळं काम संगीतानं केलेलं असतं. दृश्यात काही नव्हतं. आवाजाविनाही जिथे मान वळवून मागे बघावंसं वाटतं, तिथे कॅमेरा धरणाऱ्याला आपलं काम कळलेलं आहे. मला आजवर यापेक्षा सोपी आणि खात्रीची कसोटी सापडलेली नाही.

गरिबी कोणती, आळस कोणता

नवा प्रेक्षक इथेच फसतो. त्याला पैशाची चणचण दिसते आणि तो तिलाच दोष समजतो. थोडा इतिहास माहीत असला तर ही चूक होत नाही.

1968 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ जॉर्ज रोमेरोनं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला तो साधारण 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये. तिथल्या हिशेबानं ही रक्कम किरकोळ होती. पिक्चर कृष्णधवल होता, म्हणून रक्तासाठी चॉकलेटचं सिरप चाललं. शूटिंगला पाडायला काढलेलं एक शेतघर मिळालं, तेव्हा भिंती-खिडक्यांची मोडतोड करायला मोकळीक होती. जवळ रंग नाही, स्टुडिओ नाही; पण त्या दोन्ही उणिवा कामाला लावल्या गेल्या आणि पिक्चर एखाद्या बातमीपटासारखा खरा वाटू लागला. 1978 च्या 'हॅलोवीन'मधला खुन्याचा तो कोरा पांढरा चेहरा म्हणजे दुकानातून आणलेला एक स्वस्त मुखवटा. एका टीव्ही मालिकेतल्या कॅप्टनचा तो मुखवटा पांढरा रंगवला, केस विस्कटले, डोळ्यांची भोकं मोठी केली. गोष्ट पानगळीच्या दिवसांतली आणि शूटिंग वसंतात, म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की पुढच्यासाठी गोळा करून ठेवायची.

आपल्याकडे हिंदीत भुताचे पिक्चर काढणारे रामसे बंधू होते. त्यांच्या घरचा 1970 चा एक पिक्चर पडला, पण भयंकर मुखवटा घालून पृथ्वीराज कपूर चोरीला येतात त्या प्रसंगाला प्रेक्षक खिळून बसतात, हे भावांनी पाहिलं. तिथून 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' निघाला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन बघायचे, गंगू कॅमेरा, किरण आवाज, कुमार लेखन, अर्जुन संकलन. सगळं घरातल्या घरात, म्हणून खर्च आटोक्यात. त्यांच्या पिक्चरमधली विनोदाची ठिगळं मला कधीच आवडली नाहीत, गाणीही बऱ्याचदा उगाच येतात. पण जुन्या वाड्याच्या खिडकीतून लाल-निळा उजेड आत सोडून एका साध्या खोलीला भेसूर करायची गंगू रामसेंची हातोटी आजच्या पुष्कळ महागड्या पिक्चरांत दिसत नाही.

तेव्हा ज्याला पैसा लागतो आणि ज्याला फक्त वेळ लागतो, ते वेगळं काढा. क्रेन नाही, ड्रोन नाही, नामांकित नट नाही, कॉम्प्युटरची करामत कच्ची आहे, हे सगळं सोडून द्या. पण बाहेर पोरगा चौकड्यांच्या शर्टात आणि दार लोटून आत आला की निळ्या शर्टात, याला पैसा नव्हता असं म्हणता येत नाही. संवादाची तालीम, जागा हिंडून शोधणं, योग्य वेळेची वाट बघणं, पटकथा चार वेळा लिहिणं, हे सगळं फुकट मिळतं. दोष काढायचा तो इथे काढा, आणि तिथे तो कडकपणे काढा.

आवाज: इथे आपला कान पक्का आहे

खेड्यातल्या प्रेक्षकाजवळ शहरातल्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. त्याला रात्र माहीत आहे. रब्बीत शेतीपंपाची थ्री फेज लाईन रात्रीची पाळी करून येते, तेव्हा हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्री शेतात असतो. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पीक उधळतात म्हणून जागल करावी लागते. अशा माणसाला अंधाराचा आवाज कोणी शिकवायला नको. ते ज्ञान पिक्चर बघताना वापरा.

रातकिड्यांपासून सुरुवात करा. स्वस्त फिल्ममध्ये रातकिड्यांचा एकच तयार तुकडा शेवटपर्यंत फिरत राहतो. माणूस घरात असो, विहिरीत उतरो की पांदणीनं चालो. खऱ्या रात्री तुम्ही धुऱ्यावरून चालत गेलात की जवळचे किडे गप्प होतात आणि पुढे गेलात की मागचे पुन्हा सुरू होतात. एखाद्या फिल्ममध्ये पात्र जागच्या जागी उभं आहे आणि एका बाजूचे किडे अचानक थांबले, तर समजा की करणाऱ्यानं कधीतरी रात्री शेतात कान दिला आहे. एक रुपया न लागता तिथे कोणीतरी येऊन उभं राहतं.

मग पक्षी ऐका. तयार आवाजांच्या संग्रहातून उचललेलं परदेशी घुबड आमच्या गावकुसाजवळ घुमायला लागलं की मला फिल्ममधून बाहेर फेकल्यासारखं होतं. वस्तीजवळ आपल्याकडे जास्त ऐकू येतो तो पिंगळा, आणि तो चिरक्या आवाजात कचकचतो. मोकळ्या रानात रात्री टिटवी ओरडते, आणि बहुतेकदा कोणी हललं म्हणूनच ओरडते. टिटवीचा हा स्वभाव भयपटासाठी केवढा उपयोगाचा आहे, पण तो वापरलेला क्वचितच सापडतो.

यानंतर संवादांकडे या. कमी पैशांतल्या फिल्मा आवाजातच सर्वांत जास्त मार खातात. कॅमेऱ्यावरच्या माइकनं रेकॉर्ड केलं की माणूस दूर गेला की आवाज विरतो, वारा फडफडतो, खोलीत घुमतं. चित्र थोडं खराब असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, पण ऐकूच आलं नाही तर तो उठून जातो. मोबाइलवर शूट करतानाही दुसरा मोबाइल पात्राच्या खिशात किंवा जवळच्या माठामागे ठेवून आवाज वेगळा घेता येतो. हे केलेलं आहे का, ते बघा. सगळं नंतर डब केलेलं असेल तर पावलांकडे लक्ष द्या. शेणानं सारवलेल्या भुईवर अनवाणी चालणाऱ्या बाईच्या पायातून फरशीवरच्या बुटांचा आवाज येत असेल, तर तो आळस आहे.

संगीताचं थोडक्यात. 'हॅलोवीन'चं संगीत दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनं स्वतःच केलं. साधी सूरावट पाच मात्रांच्या ठेक्यात बसवली, आणि त्या ठेक्यामुळे ऐकणाऱ्याचा पाय कुठेच नीट टेकत नाही. मोठा वाद्यवृंद लागला नाही. फिल्मवाल्यांनी नेटवरून फुकट संगीत घेतलं असेल तरी हरकत नाही. ते कुठे थांबवलं आहे, ते बघा.

अंधार खरा की रंगवलेला

रात्री शूट करायला दिवे लागतात, दिव्यांना जनरेटर लागतो. म्हणून बरेच जण दिवसा शूट करतात आणि एडिटिंगमध्ये चित्र काळं-निळं करून रात्र दाखवतात. ही युक्ती फार जुनी आहे आणि मोठ्या पिक्चरांतही असते, तिच्यात वावगं काही नाही. जमली नाही की ओळखू मात्र लगेच येते: पानं चकाकतात, सावल्या धारदार पडतात, आणि चुकून आभाळाचा तुकडा चौकटीत आला तर तो जमिनीपेक्षा कितीतरी उजळ असतो. समजदार कॅमेरावाला आभाळ टाळतो, ढगाळ दिवस निवडतो, किंवा दिवस मावळल्यानंतरच्या थोड्या वेळात घाई करून शॉट उरकतो.

नंतर प्रत्येक रात्रीच्या दृश्याला एक प्रश्न विचारा: हा उजेड येतो कुठून? लाईन गेलेली आहे, अमावस्या आहे असं पात्रच सांगतं आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर मागून निळा झोत पडतो आहे. तो झोत कोणाचा? याउलट पात्राच्या हातातला टॉर्च हाच एकमेव दिवा असेल तर खर्चही वाचतो आणि भीतीही तयार होते, कारण टॉर्च जिथे वळतो तेवढंच आपल्याला दिसतं आणि बाकी सगळं झाकलेलं राहतं. अशा शॉटमध्ये मोबाइलच्या चित्रात दाणे येतात. त्या दाण्यांवरून कोणी फिल्मला नावं ठेवू नयेत.

कॅमेरा पात्राच्याच हातात आहे असं दाखवणारे पिक्चर याच वाटेनं गेले. 1999 चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत शूट झाला, कॅमेरे नटांच्याच हातात होते, चेटकीण एकदाही दिसत नाही, आणि जगभरात त्यानं 24 कोटी डॉलरच्या वर कमावले. अशा फिल्मला एक हमखास प्रश्न टाका: जिवावर बेतलं असताना हा अजून शूटिंग का करतो आहे? उत्तर फिल्ममध्येच असलं पाहिजे. 2007 चा 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' या प्रश्नातून सहज सुटतो, कारण तिथे झोपायच्या खोलीत कॅमेरा स्टँडवर लावून ठेवलेला आहे. ओरेन पेलीनं तो स्वतःच्या घरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये काढला. चौकट हलत नाही, म्हणून आपणच तिचे कोपरे शोधत बसतो. मोबाइल आणि एक स्टूल एवढ्यावर हे जमतं. गावातल्या सपरीवर, म्हणजे ओसरीवर, असा शॉट लावलेला मला बघायचा आहे.

दचकवणं आणि भिववणं

शांततेत अचानक कर्कश आवाज आला की माणूस दचकतो. ते शरीराचं काम आहे, त्याला गोष्ट लागत नाही. फिल्ममधले दचके मोजा आणि प्रत्येकाच्या पुढच्या मिनिटाकडे बघा. दचक्यानंतर भीती वाढली, की 'अरे, मांजर होतं' म्हणून सगळं सैल पडलं?

खोटा दचका नेहमी वाईटच असतो असं नाही. 1942 च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चालली आहे, मागे कोणाची तरी पावलं, मग पावलं थांबतात, ती घाबरून वेग वाढवते, आणि फिसकारत पुढ्यात येते ती बस. निर्माता व्हॅल ल्यूटनला दीड लाख डॉलरच्या आत पिक्चर काढायचा होता, सेटसुद्धा दुसऱ्या पिक्चरचे उरलेले वापरले. तो दचका चालतो, कारण त्याआधीची सगळी वाट आपण त्या बाईसोबत चाललेलो असतो. म्हणजे आधी लागलेला वेळ बघायचा. कागदावर जिथे 'श्वास रोखला' असं लिहिलं असेल, तिथून मागे जा आणि फिल्मनं किती वेळ काहीच घडू दिलं नव्हतं ते पाहा.

भूत दिसतं तेव्हा

दिसलं तर किती वेळ, किती जवळून आणि केवढ्या उजेडात? रबरी हात एका झटक्यात भयानक वाटतो, पण भर उजेडात जरा रेंगाळला की रबरीच दिसतो. मेकअपची कड मानेशी आणि कानामागे उघडी पडते. ती झाकायला केस, पदर, घोंगडं काहीही चालतं. हातानं केलेली वस्तू कच्च्या कॉम्प्युटर-चित्रापेक्षा मी कधीही वर धरीन. 1993 च्या 'झपाटलेला'तला बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा आहे, आणि तो पिक्चर विनोदी असूनही बाहुला अजून लोकांच्या मनातून गेलेला नाही.

भुताचे नियमही तपासा. ते कुठे येऊ शकतं, कुठे नाही, कशाला घाबरतं? नियम कोणतेही चालतील, पण मध्यावर ठरलेला नियम शेवटी सोयीसाठी मोडला तर आधीची सगळी भीती वाया जाते.

गाव खरं आहे का

शहरातून येऊन काढलेल्या फिल्मांत गाव म्हणजे नुसता पडका वाडा आणि कंदील. तुम्ही तिथे राहता, तुम्हाला खरं-खोटं लवकर कळेल. चंद्रपूरकडच्या जंगलात रात्री चार माणसं फिरत आहेत आणि एकाच्याही तोंडी वाघाचं नाव नाही? तिथे भुताआधी वाघाची भीती असते, आणि ज्या लेखकाला ते ठाऊक नाही त्याच्या भुतावर विश्वास कसा बसायचा? पीक कोणतं उभं आहे तेही बघा. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभा माणूस लपत नाही, पिकाच्या वर त्याचं डोकं दिसतंच. नोव्हेंबरातली तूर मात्र डोक्याच्या वर जाते आणि तिच्यात दोन हातांवरचा माणूस हरवतो. 2017 मध्ये आलेल्या 'लपाछपी'नं उसाचा असाच वापर केला. घराभोवती ऊसच ऊस, बाहेर पडायला वाट नाही, आणि वेगळा सेट लावायची गरजच उरली नाही.

बोलीचंही तसंच. म्हातारी वऱ्हाडातली आणि तोंडी भाषा पाठ्यपुस्तकातली, तर घाबरलेल्या माणसाचं बोलणं पाठ केल्यासारखं वाटतं. 'काहून उभा हायेस तिथं?' हा साधा प्रश्न अंधारात नीट विचारला तर पुरे होतो.

अभिनयाबद्दल आपल्या भागापुरतं एक. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्यांचं केंद्र. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग रंगतो. त्या रंगभूमीवरच्या नटाला मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं असतं, म्हणून आवाज मोठा, हातवारे मोठे. तोच कसलेला नट कॅमेऱ्यापुढे चेहरा जवळ असताना तेवढ्याच जोरानं घाबरला, तर भीती ओसरते. ही चूक नटाच्या माथी मारू नका. त्याला 'कमी कर' म्हणायचं काम दिग्दर्शकाचं होतं. आणि जिथे अशा नटानं नुसतं गप्प बसून बघितलं आहे, तिथे त्याचं नाव घेऊन कौतुक करा.

भीती कोणाच्या जिवावर उभी केली

ही पायरी मी कोणालाही गाळू देणार नाही. आपल्या भागात करणी-जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या आजही येतात. बहुतेक वेळा त्या एकट्या, म्हाताऱ्या, गरीब बाया असतात. श्याम मानव यांनी 1982 मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली ती याच मातीत. 2013 मध्ये महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं आणि एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचं जगणं कठीण करणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे.

म्हणून फिल्ममध्ये गावाबाहेर राहणारी विधवा चेटकीण निघाली आणि तिला जाळल्यावर गाव सुखी झालं, तर कॅमेरा कितीही देखणा असो, मी ती फिल्म वाईटच म्हणेन. ती गोष्ट बघून उद्या कोणाच्या दाराशी जमाव जाऊ शकतो, हे करणाऱ्यानं ध्यानात घ्यायला हवं होतं. याचा अर्थ भूत दाखवूच नये असा नाही. मुंजा, हडळ, चकवा ही आपली जुनी मिळकत आहे, ती खुशाल वापरावी. फक्त फिल्म कोणाला घाबरायला लावते ते विचारा. 'लपाछपी'तलं भय स्त्रीभ्रूणहत्येतून येतं. जे खरोखर वाईट आहे, भीती त्याच्याकडे बोट दाखवते. मांत्रिक शेवटी येऊन सगळं निस्तरतो का, हेही बघा. तसं असेल तर फिल्मनं स्वतःचा शेवट एका भोंदूला देऊन टाकला.

मत लिहिताना

सगळं पाहून झालं की पाच-सात ओळी लिहा. आधी सर्वांत जास्त भिवलेला क्षण, मिनिटासकट. मग तो कशानं साधला: आवाज, उजेड, नट की वाट बघायला लावणं. मग फुकटात सुधारता आली असती अशी एक चूक. मग पैसा नसताना काढलेली एक चांगली वाट. आणि भीती कोणाच्या जिवावर उभी आहे याबद्दल काही खटकलं असेल तर ते स्पष्ट शब्दांत. तारे, गुण शेवटी द्या, किंवा देऊच नका.

समजा, संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर कोणी बारा मिनिटांची फिल्म काढली आहे. 'भूत फालतू होतं' एवढं लिहून करणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा असं लिहा: 'सातव्या मिनिटाला दोर आपोआप ओढला जातो तिथं जीव घाबरला, कारण त्याआधी रहाटाचा आवाज दोनदा ऐकवला होता. पण नवव्या मिनिटाला बाईचा चेहरा पूर्ण उजेडात आला आणि मेकअप दिसला. तो शॉट विहिरीच्या पाण्यातल्या प्रतिबिंबात घेतला असता तर चाललं असतं. मोटारपंपाचा गुणगुणाट बंद पडतो ती जागा उत्तम.' हे वाचून ती पोरं पुढच्या खेपेला दिवा कुठे ठेवायचा याचा विचार करतील.

करणारे ओळखीचे असतील तर चुका चारचौघांत लिहिण्याआधी त्यांना फोन करा आणि एक गोष्ट विचारा: कोणत्या शॉटला सर्वांत जास्त वेळ लागला? मग तोच शॉट परत बघा. पहिल्या वेळी तुमच्या नजरेतून काय सुटलं होतं ते तिथे सापडतं, आणि तुमच्या कागदावर एक ओळ वाढवावी लागते.